गरवण्याचं सामान घरच्या घरी: भंगारातून, स्वयंपाकघरातून काय काय करता येतं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. माझा पुतण्या यंदा दहावीची परीक्षा देऊन सुट्टीवर आलाय आणि गळाने मासे धरायला शिकव म्हणून मागे लागलाय. परवा त्याने ऑनलाइन पाहून एक यादी केली. रॉड, रील, रॉड टेकवायचा स्टँड, मासा लागला की वाजणारा अलार्म, शिशांचा संच, फ्लोटचा संच, कप्प्याकप्प्यांची पेटी, गरी काढायची वेगळी पक्कड. बेरीज साडेअकरा हजारांवर गेली. पोराने यादीची घडी घातली, खिशात ठेवली आणि गप्प बसला. ते बघून मला राहवलं नाही.

मी स्वतः दाभोळच्या खाडीत वडिलांबरोबर गरवायला शिकलो. रॉड आमच्याकडे नव्हताच. एक रिकामी बाटली, तिच्यावर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, टोकाला वजनाचं शिसं आणि गरी, म्हणजे गळाचा आकडा. एवढ्यावर शेंगटी, पालू आणि एखाद्या चांगल्या दिवशी तांबोशीसुद्धा घरी यायची. म्हणून पुतण्याला म्हटलं, यादीतल्या निम्म्याहून जास्त वस्तू आपण अंगणात बसून करू.

सुरुवात बाटलीपासून केली. लिटरभराची प्लास्टिकची बाटली घ्या, पण आडव्या खाचा असलेली नको, कारण तंगूस खाचेत अडकतो. मधला भाग गुळगुळीत हवा. तंगूस बाटलीला गाठ मारून बांधायचा, गाठीवर चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायचे आणि मग ताण ठेवून, एकावर एक न चढवता गुंडाळत जायचं. फेकताना बाटलीचं तोंड पाण्याकडे धरायचं, दुसऱ्या हाताने शिसं दोन वेळा गोल फिरवून सोडायचं. तंगूस बाटलीच्या तोंडावरून वेढ्यावेढ्याने सुटत जातो. रीलचं तत्त्व तेच आहे, फक्त दांडा आणि गिअर नाहीत. झाकण घट्ट लावून ठेवा, म्हणजे हातातून निसटलीच तर बाटली तरंगते.

अलार्मच्या जागी घुंगरू. आईच्या जुन्या पैंजणातलं एक घुंगरू कपडे वाळत घालायच्या चिमट्याला बारीक तारेने बांधलं. चिमटा काठीच्या शेंड्याला लावायचा. शेंगटीने चारा चाखला तर एकदोनदा किणकिण होते, पालू ओढून पळाली तर सलग वाजतं. रात्री धक्क्यावर बसलं की डोळे मिटून ऐकत राहता येतं.

स्टँडसाठी दीड इंची पीव्हीसी पाईपचा तीन फुटांचा तुकडा. प्लंबरकडे असे तुकडे पडलेले असतात. एक टोक तिरपं कापायचं, म्हणजे पुळणीत, किनाऱ्यावरच्या वाळूत, सहज घुसतं. वरून फूटभर खाली एक आरपार भोक पाडून त्यातून बोल्ट घालायचा, काठीचा बुडखा त्यावर टेकतो. पाईप निदान दीड फूट वाळूत गेला पाहिजे. पुळण ओली असेल तर पाईप उजवीकडे डावीकडे हलवत दाबा, ठोकायची गरज पडत नाही.

तुमच्याकडे काय काय युक्त्या आहेत ते लिहा. पुतण्याला ही चर्चा दाखवणार आहे.

मानवेल

फार चांगला विषय काढलात. मी कोयनेच्या बाजूचा, त्यामुळे काठीबद्दल लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन दुकानातून 'कार्बन' लिहिलेला रॉड मागवला. तिसऱ्याच दिवशी जोडावर तडा गेला. परत करायला गेलो तर मुदत संपलेली. तेव्हापासून पुन्हा बांबूवर आलो आणि आता सोडत नाही.

बांबू कधी तोडता यावर सगळं अवलंबून असतं. पावसाळ्यात तोडलेला बांबू गोड असतो, त्यात पिठूळपणा असतो, पोरकिडा लगेच लागतो. दिवाळीनंतर ते होळीच्या आधी तोडा. कोंब नको, तीन वर्षांचा तरी हवा. तीन वर्षांच्या काठीवरची पांढरी भुकटी गेलेली असते, पेऱ्यांवरचं आवरण गळलेलं असतं आणि टिचकी मारली की आवाज टणक येतो. मानवेल जातीचा बांबू चालतो. पण सिंधुदुर्गातला माणगा मिळाला तर सोनं. तो आतून जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात.

तोडल्यावर फांद्या सपाट छाटायच्या आणि काठी सावलीत टांगायची. शेंडा खाली आणि शेंड्याला वीट बांधलेली. दोन महिने तशीच ठेवायची. उन्हात वाळवली की चिरते. मग वाकडी पेरी आचेवर धरून सरळ करायची. ज्वाळेत नव्हे, आचेवर. पेर्‍यावर घाम आल्यासारखा ओलावा दिसू लागला की गुडघ्यावर हळू दाबून सरळ करायचं आणि तशीच धरून ओल्या फडक्याने गार करायचं. शेवटी जवसाचं तेल दोनतीनदा चोळून लावायचं. माझी दहा फुटांची काठी सातव्या वर्षात आहे.

रील लावणार असाल तर तंगूस जायला कडी लागतात. ती सायकलच्या स्पोकची केली तरी चालतात, पण एक तपासणी करा. कापसाचा बोळा कडीतून आतल्या बाजूने फिरवा. एकही तंतू अडकला तर ती कडी तुमचा तंगूस कापणार. पॉलिश पेपर घेऊन घासा, नाही जमलं तर ती कडी विकतचीच घ्या. तिथे वाचवलेले पैसे मोठा मासा घेऊन जातो.

उधाण

रायगडकर इथे. आमचा किनारा खडकाळ, त्यामुळे माझा सगळा खर्च शिशावर व्हायचा. एका संध्याकाळी शिशाची सात वजनं खडकात गेली होती, त्यांच्याबरोबर सात गऱ्या आणि दरवेळी पंधरावीस फूट तंगूस. तो तंगूस खाली पाण्यात तसाच राहतो आणि त्यात खेकडे, पक्षी अडकतात, ही गोष्ट मला खर्चापेक्षा जास्त टोचते.

उपाय मला एका म्हाताऱ्या कोळी काकांनी शिकवला. शिसं मुख्य तंगूसाला कधीच थेट बांधायचं नाही. मध्ये वीतभर बारीक तंगूस घ्यायचा, मुख्य धाग्याच्या निम्म्याहून कमी ताकदीचा. मुख्य 0.45 मिलिमीटरचा असेल तर हा 0.25 चा. गरी मुख्य धाग्याच्या बाजूच्या फाट्यावर असते. वजन अडकलं की ओढायचं, बारीक धागा तुटतो, वजन तेवढं जातं आणि गरी, मासा, तंगूस सगळं परत येतं.

आणि ते जाणारं वजनही फुकटातलं वापरायचं. गॅरेजमध्ये बाइकचे जुने स्पार्क प्लग टोपलीभर पडलेले असतात. मी वजनकाट्यावर टाकले तर एकेक चाळीस ते पन्नास ग्रॅमच्या आसपास भरला. खालचा वाकडा काटा पक्कडीने दाबून मिटवला की त्याचं कडं तयार होतं, धागा त्यातून ओवायचा. आधी रॉकेल आणि फडक्याने काजळी नीट पुसून घ्या. पाण्यात तेलाचा तवंग जाऊ द्यायचा नाही.

एक धोका सांगून ठेवतो. बारीक धाग्यावर जड वजन बांधून रॉडने जोरात फेकलं तर धागा हवेतच तुटतो आणि वजन गोळीसारखं जातं. ही पद्धत हाताने फेकायला किंवा धक्क्यावरून सरळ खाली सोडायला. मागे माणसं असताना तर अजिबात नको.

तळ्याकाठी

मी भंडाऱ्याची. आमच्याकडे मालगुजारी तलाव, आणि आमचं घर ढिवरांचं, म्हणजे मासेमारी घरातलीच. समुद्रातलं मला काही कळत नाही, पण तरंग्याबद्दल, म्हणजे फ्लोटबद्दल लिहिते.

लहानपणी आम्ही ज्वारीच्या धांड्याचा तुकडा लावायचो. सुकलेला धांडा, बोटाएवढा, आतला भेंड्यासारखा भाग हलका असतो. तासाभरात पाणी पितो आणि बुडायला लागतो, मग दुसरा तुकडा. लेकरांना शिकवायला आजही हाच बरा, एक पैसा लागत नाही.

टिकाऊ करायचा असेल तर जुनी रबरी चप्पल घ्या. आमचे बाबा जाळ्याच्या तरंग्यांसाठी सगळ्या मोहल्ल्याच्या तुटक्या चपला जमवत. गळासाठी चपलेतून लोखंडी पाईपच्या तुकड्याने ठोकून गोल चकत्या काढायच्या. दोन चकत्या चिकटवायच्या, कानस मारून मुगाच्या शेंगेसारखा निमुळता आकार द्यायचा. मधून तापलेल्या सुईने भोक पाडून संपलेल्या पेनाची रिफिल घालायची. रिफिल आधी साबणाच्या पाण्याने आतून धुवा, शाई राहायला नको. धागा रिफिलमधून ओवायचा आणि आगकाडीचं टोक खोचून पक्का करायचा. खोली बदलायची झाली की काडी काढा, तरंगा सरकवा, काडी परत खोचा. वरच्या अर्ध्या भागाला लाल नेलपेंट लावा, दुपारच्या चमकत्या पाण्यात तेच दिसतं.

वजन इतकं लावायचं की तरंग्याचं फक्त लाल टोक पाण्याबाहेर राहील. पुष्कळ लोक मोठा तरंगा लावतात आणि तो फुग्यासारखा पाण्यावर लोळत असतो. मग रोहू चारा तोंडात घेते, तिला तरंग्याचा जोर जाणवतो आणि ती थुंकून देते. आपल्याला वाटतं आज मासाच नाही.

थर्मोकोल मात्र कुणी वापरू नका. त्याचे मणी सुटतात आणि मासे ते खातात. आमच्या तलावाच्या काठाला पांढरी रांग लागलेली असते.

टेम्सकाठी

मूळचा चिपळूणचा, आता इंग्लंडमध्ये असतो. चर्चा वाचून घरची आठवण आली.

शिशाबद्दल थोडं. इथे 1987 पासून 28.35 ग्रॅमपर्यंतची बहुतेक शिशाची वजनं गळाला लावायला बंदी आहे. कारण हंस. ते तळातले खडे पचनासाठी गिळतात, त्याबरोबर पडलेले शिशाचे छर्रे गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. आपल्याकडे अशी बंदी मी पाहिली नाही, पण बदकं आणि पाणकोंबड्या आपल्याकडेही तळातलं टिपतातच.

घरी शिसं वितळवायचा विचार कुणाच्या मनात असेल तर कळकळीने सांगतो, करू नका. शिसं 327 अंशांना वितळतं, म्हणजे गॅसवर सहज होतं, आणि त्यामुळेच लोक करतात. साच्यात पाण्याचा एक थेंब जरी असला तरी त्याची एकदम वाफ होते आणि वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. शिवाय त्याची राख आणि धूळ घरात बसते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशासारखा वैरी नाही. तितकीच वाईट सवय म्हणजे बारीक छर्रा धाग्यावर दाताने दाबणं. माझे आजोबा करायचे, मीही केलंय. पक्कड वापरा.

नवशिका पुणे

खूप छान माहिती. मग छोट्या वजनासाठी सोल्डरिंगची तार गुंडाळली तर? माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाची रीळभर पडली आहे.

दुसरा प्रश्न, लोखंडी नट किंवा दगड लावला तर शिशाइतकं काम होईल का?

टेम्सकाठी

साध्या सोल्डरमध्येही शिसं असतं, नेहमीच्या प्रकारात 37 ते 40 टक्के. त्यामुळे तो मार्ग नाही. शिसेविरहित सोल्डर मिळतं, पण ते महाग पडतं. बारीक कामाला छोटे नट ओवा, दोन, तीन, लागतील तितके. स्टेनलेस स्टीलचे असतील तर सहसा गंजत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. वस्तू पाण्यात गेली की तिने सारलेल्या पाण्याइतकं तिचं वजन कमी होतं. शिशाची घनता 11.3, लोखंडाची 7.9, आपल्या काळ्या कातळाची 2.9 च्या जवळपास, काँक्रीटची 2.4. समुद्राच्या पाण्यात 100 ग्रॅम शिसं 91 ग्रॅमचं काम करतं, लोखंड 87 ग्रॅमचं, काळा दगड 65 आणि काँक्रीट 57. म्हणजे लोखंड आणि शिसं यांत वजनाचा फरक नगण्य आहे. लोखंड आकाराने जवळजवळ दीडपट होतं, त्यामुळे हवेत थोडं कमी जातं आणि प्रवाहात थोडं जास्त वाहतं, एवढंच. दगड मात्र दीडपट वजनाचा घ्यावा लागतो.

उधाण

दगडाचा मुद्दा छान आला. ओहोटीला धक्क्याखाली मी दगडच वापरतो. मध्ये कंबर असलेला लांबट गोटा शोधायचा आणि वाण्याकडच्या सुती दोऱ्याने बांधायचा. अडकला तर सुती दोरा तुटतो, पाण्यात हळूहळू कुजूनही जातो आणि दगड जिथला तिथे परत गेला. समुद्रात आपलं काहीच उरत नाही. प्रवाह जोरात असेल तेव्हा मात्र दगड लोळतो, तिथे स्पार्क प्लग.

आजोळ मालवण

ह्या सगळा आमच्या हंय पूर्वीपासून चलता, फक्त कोण लिवन ठेवीत नाय. खाडीकाठ, तुमी बरा काम केलास. बाकी प्रमाण भाषेत लिहितो, म्हणजे सगळ्यांना समजेल.

जेटीवर बांगड्याची झुंड येते तेव्हा लोक विकतची पिसांची माळ लावतात. गरी अडकली, माळ गेली की पुन्हा दुसरी. आम्ही घरी करतो. मुख्य धाग्याला वीतभर अंतरावर पाच फाटे, प्रत्येक फाटा चार बोटं लांब, त्याला लहान गरी. गरीच्या दांडीवर पांढऱ्या कोंबड्याच्या मानेची दोन पिसं आणि वेफरच्या पाकिटाच्या आतल्या चंदेरी बाजूची तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीची पट्टी, शिवणाच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळायची आणि दोऱ्यावर नेलपेंटचा थेंब. टोकाला वजन. सोडायची, तळ लागला की दोन हात वर घ्यायची आणि हळू वरखाली करायची. पिसं पाण्यात श्वास घेतल्यासारखी उघडमीट करतात. त्या चंदेरी पट्टीपेक्षा पिसांच्या हालचालीवर बांगडा जास्त येतो, असा माझा अनुभव.

पाकिटाच्या पट्ट्या कापताना उरलेला कचरा खिशात घाला. जेटीवर टाकू नका.

आणि एक फार महत्त्वाचं. शेवाळलेल्या खडकावर जायचं असेल तर बुटाच्या तळाला काथ्याची दोरी गुंडाळा. पावलाच्या मध्यावर चारपाच वेढे, वर घट्ट गाठ. रबरी तळ शेवाळावर घसरतो, काथ्या शेवाळात रुततो. दोरी झिजली की नवी, दहावीस रुपयांचं काम. हे माझ्या मामाने मला सांगितलं आणि मी आजवर एकदाही आपटलो नाही.

नवशिका पुणे

मग विकत काय घ्यायचं ते कुणी सांगेल का? माझं बजेट हजार दीड हजार आहे. रीलशिवाय सुरुवात करावी का?

मानवेल

माझं मत स्पष्ट आहे. गरी, तंगूस आणि भिंगरी (धाग्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी) या तीन गोष्टी चांगल्या दुकानातून, नाव असलेल्या कंपनीच्या घ्या. मासा आणि तुमच्यामध्ये फक्त या तीनच असतात. गरी तर स्वस्तातली कधीच नको. ती एकतर सरळ होते नाहीतर टोक बोथट असतं. नखावर टेकवून ओढून पाहा, घसरली तर बोथट, रुतली तर चांगली. गरी जुनी झाली तर बारीक कानशीने टोकाकडे घासून धार करता येते, त्यामुळे एक पाकीट वर्षभर जातं.

रील पहिल्या हंगामात नको. काठी आणि तरंग्यावर किंवा बाटलीवर शिका. मासा चारा कसा घेतो, कधी ओढायचं हे बोटाला कळलं की मग रील घ्या. धरणाच्या जलाशयावर जाणार असाल तर आधी चौकशी करा, बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका सहकारी सोसायटीकडे असतो. त्यांना विचारलं तर बहुतेक वेळा कुठे बसायचं तेही सांगतात.

खाडीकाठ

मानवेल यांच्याशी पूर्ण सहमत. बाटलीवर गरवणाऱ्यांसाठी एक भर घालतो. मोठा मासा लागला की तंगूस बोट कापतो, माझ्या तर्जनीवर अजून खूण आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंची तुकडा कापून बोटात अंगठीसारखा घाला. पकडही चांगली बसते.

आणि गाठ मारली की ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. घरी गाठी मारून पाहायच्या असतील तर भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा वापरा. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं काट्याच्या आकड्याला, आणि ओढत जा. डोळ्यावर चष्मा हवा, धागा तुटला की झटका येतो. मी परवा पुतण्याबरोबर हेच केलं. आठ किलोच्या तंगूसावर त्याची कोरडी गाठ साडेतीन किलोला सुटली, ओली केलेली सहाच्या वर गेली. त्यानंतर त्याला काही सांगावं लागलं नाही.

पालवी

मी गरवत नाही, माझा नवरा गरवतो. म्हणून एकच विचारते. एवढ्या सगळ्यात जीव वाचवायच्या सामानाबद्दल कुणीच लिहिलं नाही. मागच्या श्रावणात तो कातळावरून लाटेबरोबर खाली गेला होता. सोबतच्या माणसाने टी-शर्ट धरून वर ओढलं म्हणून वाचला. त्यासाठी घरगुती काही असतं का?

उधाण

पालवीताई, बरं झालं विचारलंत, खरं तर हे आधी लिहायला हवं होतं.

लाइफ जॅकेटला घरगुती पर्याय नाही. बोटीत बसणार असाल किंवा एकट्याने कातळावर जाणार असाल तर ते विकतच घ्या. रॉड पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल.

पण पाण्यात पडलेल्या माणसाला फेकायला एक गोष्ट घरी करता येते आणि ती प्रत्येकाच्या पिशवीत असावी. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, मुठीचा. झाकण घट्ट, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून. मुठीला पंधरा मीटर जाड दोरी. आत वाटीभर पाणी ठेवा, नाहीतर रिकामा कॅन वाऱ्यावर उडतो आणि पोचत नाही. पाच लिटरचा कॅन साधारण पाच किलोचा जोर देतो, म्हणजे 50 न्यूटनच्या आसपास. पोहायला येणाऱ्यांसाठीची साधी तरंगजॅकेटं याच 50 न्यूटनच्या श्रेणीत येतात, लाइफ जॅकेट 100 पासून पुढे. म्हणजे छातीशी कवटाळून धरला तर डोकं वर राहायला मदत होते, पण शुद्ध हरपलेल्या माणसाला तो उताणा ठेवू शकत नाही. दोरीचं दुसरं टोक तुमच्या हाताला बांधू नका, पायाखाली धरा.

पावसाळ्यातल्या बंदीबद्दलही लोक विचारतात. 1 जून ते 31 जुलै ही बंदी यांत्रिक नौकांना आहे, किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला नाही. पण बंदी नाही म्हणून त्या दिवसांत कातळावर जावं असं नाही. माझा नियम असा, नारळी पौर्णिमेपर्यंत मी फक्त खाडीत आत, सपाट धक्क्यावर.

आजोळ मालवण

भरतीची वेळ काढायला पैसे भरून ॲप घेणाऱ्यांसाठी. तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कोकण किनाऱ्यावर हे अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतं. पुढची भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. नवख्या माणसाने भांगाच्या दिवसांत सुरुवात करावी. पाणी कमी चढतं, ओढ कमी असते, वजनही कमी लागतं.

अर्धापाऊण तासाचा फरक जिथे जिवाशी येतो, म्हणजे पाणी चढलं की वाट बंद होणारे खडक, तिथे जाण्याआधी बंदरावर लावलेला तक्ता पाहा किंवा स्थानिक कोळ्यांना विचारा.

तळ्याकाठी

जिवंत चारा न्यायचा असतो त्यांच्यासाठी राहिलं होतं. बादलीतली कोळंबी तासाभरात मरते ती बहुतेक वेळा पाणी तापल्यामुळे. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. घरून निघताना पाण्याची अर्धा लिटरची बाटली गोठवून न्या आणि झाकण बंद ठेवूनच बादलीत सोडा. बर्फ थेट टाकू नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उतरतं. वर ओलं गोणपाट. मला या युक्तीने दुपारपर्यंत चारा पुरतो, पंप लागत नाही.

खाडीकाठ

काल अष्टमी होती, भांगाचं पाणी. संध्याकाळी चार वाजता पुतण्याला घेऊन जुन्या धक्क्यावर गेलो. काथ्या बांधलेले बूट, तेलाचा कॅन, बाटली, पाईपचा स्टँड आणि माझी जुनी बांबूची काठी. वजनं सगळी स्पार्क प्लगची, उधाण यांनी सांगितल्याप्रमाणे बारीक धाग्यावर, आणि सगळी हाताने सोडलेली. तीन प्लग तळाला अडकले, तीनही वेळा गरी परत आली.

एक अडचण आली ती लिहितो. घुंगराचा चिमटा वाऱ्यावर सारखा वाजत होता आणि पोरगा दरवेळी धावत होता. मग चिमट्याच्या आत रबराचा तुकडा घातला आणि घुंगरू तारेऐवजी जाड रबरबँडने बांधलं. बारीक थरथर रबराने गिळली, ओढ लागली तेव्हाच वाजलं.

पावणेसातला वाजलं. पोराने काठी उचलली, घाई केली नाही, धागा ताणलेला ठेवत हळूहळू आणला. दीड वितीची पालू. पक्कड शोधायला मी पिशवीत हात घातला, तोवर त्याने बांबूची खाच पाडलेली कामटी गरीच्या वळणावर टेकवून दाबली आणि गरी सोडवलीसुद्धा. ती कामटी त्याने दुपारी एकट्याने केली होती, मला सांगितलंही नव्हतं. त्याच्याकडून पद्धत लिहून घेतो आणि उद्या इथे टाकतो.